दोनाचं शेपूट

सोनं पारखणाऱ्याला इंजिनही पारखता येतं, असा आमच्या घरात समज आहे. तो माझ्यामुळे पसरला. मी कल्याणच्या एका पतपेढीत सोनेतारणाच्या काउंटरवर बसतो. खरं तर सोनं पारखतो तो पतपेढीचा सोनार. तो दगडावर घासतो, ॲसिडचा थेंब टाकतो, मान हलवतो आणि मी आकडा लिहितो. पण मुरबाड सोडून टोकावड्याकडे निघालं की वाटेत आमचं गाव लागतं, आणि तिथपर्यंत हा बारकावा अजून पोचलेला नाही. त्यामुळे म्हशाची जत्रा उरकल्यावर काकांचा फोन आला.

"गाडी काढायचीय. इंजानाची किंमत करायची. रविवारी ये."

"काका, मला त्यातलं काय कळतं?"

"सोन्यातलं तरी काय कळत होतं? लागलास ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गाडी म्हणजे काकांची १९८७ सालची टाटा १२१०. पुढे लांब नाक असलेली, कपाळावर 'श्री खांबलिंगेश्वर प्रसन्न' लिहिलेली. तिनं आयुष्यात काय केलं नाही ते सांगणं सोपं. मुंबईच्या तबेल्यांना पेंढा वाहिला, डोंबिवलीच्या इमारतींना विटा पुरवल्या, चार गावांची वऱ्हाडं पोचवली, गणपती नदीवर नेले. अलीकडे उन्हाळा आला की पाठीवर टाकी बांधून ती शहापूरच्या पाड्यांना पाणी द्यायची. भातसा आणि तानसा ज्या शहापूर तालुक्यात, ज्यांचं पाणी मुंबईकर पितात, त्याच तालुक्यात चैत्र-वैशाखात बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभ्या असतात. आमची गाडी तिथे आली की पोरं नाचायची. मुंबईच्या रस्त्यावर तिच्याकडे बघून कुणी नाचलं नसतं.

पण १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची फिटनेसची फी वाढली. काका दर वर्षी कुरकुरत भरायचे. यंदा त्यांनी गाडीकडे बघितलं, गाडीनं काकांकडे, आणि दोघांचं पटलं.

गाडी विकायची तर आधी तिच्यात इंजिन कुठलं आहे ते सांगावं लागतं. काकांचं उत्तर गेली पस्तीस वर्षं एकच: "मर्सिडीजचं." हे साफ खोटं म्हणता येत नाही, तेवढंच साफ खरंही म्हणता येत नाही. १९५४ साली टाटांच्या टेल्कोनं जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि १९६९ पर्यंत, पंधरा वर्षं, जमशेदपूरहून निघणाऱ्या ट्रकच्या नाकावर टाटांच्या नावासोबत मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असायचा. तो तारा उतरून अठरा वर्षं झाल्यावर आमची गाडी जन्माला आली. पण जुन्या माणसांच्या तोंडातून तारा उतरला नाही. माझ्या चुलतभावाचं लग्न जमवताना काकांनी पाहुण्यांना सांगितलं होतं, "घरी मर्सिडीज आहे." पाहुणे आले, अंगणात बघितलं, आणि चांगले लोक म्हणून लग्न झालं.

मी रविवारी पोचलो तेव्हा नाक उघडलेलं होतं आणि त्याभोवती अर्धं गाव. आमच्याकडे कुणी आजारी पडलं तर दोन माणसं येतात. बॉनेट उघडलं की वीस येतात. एकानं रेडिएटरवर हात ठेवून डोळे मिटले होते. दुसरा ऑइलची काडी बाहेर काढून तिचा वास घेत होता. तिसरा नुसताच म्हणत होता, "आमच्या मामांकडं होती अशीच." मामांच्या गाडीचं पुढे काय झालं ते तो सांगत नव्हता, आणि कुणी विचारतही नव्हतं. आपण काही जाणतो हे सांगण्यासाठी मामा पुरेसे असतात.

सगळे बैल बघतात तसं इंजिन बघत होते. आणि त्यात वावगं काही नाही. म्हशाच्या बाजारात आधी दात बघतात: आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळलेला. मग खांदा, खूर, शेपूट, अंगावरचे भोवरे. शेवटी दलाल रुमालाखाली हात घालून बोटं दाबतो आणि भाव ठरतो. किन्हवलीहून आलेल्या मिस्त्रीनं इंजिनाचेही दात असतात हे मला समजावलं. दात म्हणजे क्रँक. कारखान्यातून येतो तो स्टँडर्ड. झिजला की घासून गोल करतात आणि तेवढं जाड बेअरिंग घालतात. पहिल्या घासणीला तो 'दहावर' जातो, मग वीसवर, तीसवर, चाळीसवर. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागाचे, आणि ते बेअरिंगच्या पाठीवर ठोकलेले असतात. चाळीसवरचा क्रँक म्हणजे जुळलेला बैल. त्याच्या तोंडात बघून पुढचं वय कळत नाही.

"आपला कितीवर आहे?" मी विचारलं.

"खाली उतरवल्याशिवाय कसं सांगू?" मिस्त्री म्हणाला. "तुम्ही सोनं न बघता कर्ज देता काय?"

हा टोमणा होता, पण काकांनी तो माझ्या अधिकाराचा पुरावा मानला. "बघा," ते गर्दीला म्हणाले, "मिस्त्री पण त्यालाच विचारतो."

मग सेल्फ मारला. इंजिन चालू झालं ते पहिल्या अर्ध्या फेरीला, हे मला कौतुकानं सांगितलं पाहिजे. धूर आला. धुराच्या रंगावर गावात मतभेद झाले. काळा म्हणजे नोझल, निळा म्हणजे ऑइल खातंय, पांढरा म्हणजे डिझेल न जळता येतंय किंवा पाणी शिरलंय, एवढं सगळ्यांना पाठ होतं. पण समोरचा धूर कुठल्या रंगाचा यावर तीन गट पडले. काका म्हणाले, सकाळच्या उन्हात कुठलाही धूर निळा दिसतो. मिस्त्रीनं काही न बोलता ऑइल भरायचं झाकण उघडलं. तिथून फक-फक वाफारा आला. "बॅक मारतंय," तो म्हणाला. "रिंगा गेल्या. हाफ इंजान करावं लागंल." मग काडी पुसून परत बुडवली आणि माझ्यासमोर धरली. ऑइल काळं असायला हवं होतं. ते काकूच्या चहाच्या रंगाचं होतं. ऑइलमध्ये पाणी उतरत होतं, म्हणजे हेडचं गॅस्केट गेलेलं. म्हणजे हेड उघडायचंच होतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता नंबर. ट्रकचा नंबर आणि इंजिनाचा नंबर या दोन वेगळ्या भाषा आहेत आणि मला दोन्ही त्या दिवशी शिकवल्या गेल्या. नाकावर लिहिलेलं १२१० म्हणजे गाडीचं भरलेलं वजन बारा टन आणि ताकद शंभर घोडे. शंभरातलं शेवटचं शून्य गाळायचं. म्हणून १६१३ म्हणजे सोळा टन, एकशेतीस घोडे. आणि १९८६ ला आलेली ४०७ म्हणजे चार टन, सत्तर घोडे. आमचा पुतण्या लहानपणी १२१० ही गाडीची किंमत समजायचा, आणि तो गेल्या चार वर्षांत किमतीच्या जास्त जवळ येत चाललाय.

इंजिनाचा नंबर मात्र पोटातलं सांगतो. टाटांचं ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, प्रत्येकाचा बोअर ९२ मिलिमीटर. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर. ४०७ मधलं ४९७ म्हणजे चार सिलिंडर, ९७. महिंद्राच्या जीपमधल्या प्यूजो इंजिनाला ४.९० म्हणतात, त्यातही चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटर. (पर्किन्सवाले मात्र इंग्रज. त्यांच्या ६.३५४ मध्ये सहा सिलिंडर असले तरी ३५४ हे घन इंच. त्यांना कुणी काही सांगायचं नाही.) काकांच्या मर्सिडीजमध्येही थोडं तथ्य इथेच सापडतं. त्या जुन्या जर्मन इंजिनाचा बोअर ९० आणि स्ट्रोक १२० मिलिमीटर होता. ६९२ चा स्ट्रोक तोच १२०, बोअर दोन मिलिमीटर जास्त. एवढं नातं आपल्याकडे पत्रिका जुळवायला पुरतं.

आरसी बुकात इंजिन नंबर ६९२ नं सुरू होत होता. १२१० मध्ये असायला हवं तेच. आता ब्लॉकवर तेच कोरलेलं आहे का ते बघायचं. पण ब्लॉक दिसत नव्हता. पस्तीस वर्षांचं ग्रीस, धूळ, विटांची भुकटी आणि पेंढ्याचा भुगा यांचा एकावर एक लेप चढून बोटभर थर झाला होता. दर वर्षी पासिंगला गाडी जायची तेव्हा चेसिसच्या नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली जायची आणि नंबर कागदावर उमटायचा. इंजिनाच्या नंबरापाशी पोचायचं तर कोपरापर्यंत हात घालावा लागे, आणि पांढऱ्या शर्टातला माणूस कोपरापर्यंत हात घालत नाही.

मिस्त्रीनं खरवडणी घेतली, मग तारेचा ब्रश, मग डिझेलचा बोळा. पुतणीनं शाळेतला खडू आणून दिला. मिस्त्रीनं तो नंबरावर घासला आणि फडक्यानं वरवर पुसला. कोरलेल्या खाचांत पांढरी पूड बसली. सहा. नऊ. मग मिस्त्री थांबला.

"सात," तो म्हणाला.

गर्दी शांत झाली. काका वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. "दोन आहे," ते म्हणाले. "दोनाचं शेपूट गंजानं खाल्लंय."

इंग्रजी दोन आणि सात यांच्यात फक्त शेपटाचा फरक असतो हे मला मान्य आहे. पण बिडाच्या ब्लॉकवर नेमकं तेवढंच शेपूट, तेवढ्याच लांबीत, सरळ रेषेत खाणारा गंज मी पाहिलेला नाही.

हे प्रकरण घरात कुणाला माहीत नव्हतं असं नाही. ते काकूला माहीत होतं. ती ओट्यावर वाल सोलत बसली होती. तिथूनच म्हणाली, "माळशेजला काय झालं ते सांगा की."

मग ते निघालं. १९९६ साली काका खत भरून ओतूरला निघाले होते. माळशेज चढताना फॅनचा पट्टा तुटला. काटा लाल झाला, रेडिएटर शिट्टी मारायला लागला. पण रात्री घाटात थांबू नये असं काकांच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं. काका वडिलांचं ऐकत नसत, त्या रात्री ऐकलं. वरच्या वळणावर इंजिन जाम झालं ते कायमचं. त्यानंतर कुर्ल्याच्या बाजारातून, कुठल्याशा अपघातातल्या १६१३ चं इंजिन उचलून आणलं आणि बसवलं. घरी सांगितलं, "रिपेर केलं." म्हणजे आमच्या गाडीत अठ्ठावीस-तीस वर्षं घरजावई राहत होता. आडनाव सासरचं, डिझेल सासरचं, आणि पत्रिकेत नाव दुसऱ्याचंच.

आता घरजावई गरीब घरातला नव्हता. ६९७ हे ६९२ पेक्षा मोठं, ताकदीचं, आणि व्यापारी सांगतात त्याप्रमाणे त्याला गिऱ्हाईकही जास्त. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीत परवानगीशिवाय फेरबदल करू नका म्हणतं. इंजिन बदललं तर कागदावर बदल करून घ्यायचा असतो. काकांनी तो एवढ्या वर्षांत केला नव्हता, वेळ मिळाला नाही म्हणून. थोडक्यात पेच असा: इंजिन ६९७ निघालं तर इंजिनाची किंमत वाढते आणि गाडीची उतरते. ६९२ निघालं तर उलटं. सोनेतारणात माझी इतकी वर्षं गेली, पण दागिना जितका शुद्ध तितका कमी पैशांत जातो असं मी कधी बघितलं नव्हतं.

त्या दिवशी दोन गिऱ्हाइकं यायची होती. अकराला आसनगावकडचा एक जुन्या इंजिनांचा व्यापारी, दुपारी शहापूरकडचा एक वीटभट्टीवाला. व्यापाऱ्याला फक्त इंजिन हवं होतं, वीटभट्टीवाल्याला कागदासकट गाडी. काका आत गेले, हातपाय धुतले, चहा घेतला आणि सकाळसाठी सातवर आले.

व्यापारी माणूस अनुभवी. त्यानं आधी वरून सहा पाइप मोजले, मग मायकोचा पंप बघितला, इंजिनाला हात न लावता एक प्रदक्षिणा घातली. "सहा नव्वद...?" त्यानं नुसतं विचारलं.

"सात!" काका छातीवर हात ठेवून म्हणाले. "सोळा-तेराचं. खडूनं बघा, कसं चकचकीत कोरलंय. गंजाचा लवलेश नाही."

मी खाली बघितलं. मिस्त्रीनंही खाली बघितलं. मग रुमालाची वेळ आली. रुमाल कुणाकडे नव्हता, म्हणून मिस्त्रीचा तेलकट फडका घेतला. त्याखाली दोघांचे हात गेले. काकांचा चेहरा आधी फुलला, मग पडला. व्यापारी म्हणाला, धूर निळा आहे, ऑइलला पाणी आहे, क्रँक कितीवर ते देव जाणे. आणि मग त्यानं तो शब्द उच्चारला जो कुठल्याही इंजिनासमोर उच्चारू नये: "किलो." चारशे किलो बीड, तेवढ्याला तेवढा भाव, वर पंपाचे आणि सेल्फचे वेगळे. ज्या इंजिनानं वऱ्हाडं नेली ते काकांना कांद्यासारखं तोलून द्यायचं नव्हतं. व्यापारी चहा पिऊन गेला. जाताना म्हणाला, "विचार बदलला तर काटा माझ्या गाडीतच असतो."

तीन वाजता वीटभट्टीवाला आला. तोवर काका दोनवर आले होते. व्यापाऱ्यासमोर ज्या आकड्यात गंजाचा लवलेश नव्हता, त्याच्यावर आता गंजाचे अत्याचार सांगितले जात होते. "इथली हवाच वाईट," काका म्हणाले. "पावसाळ्यात चार महिने थेंब थांबत नाही. आकडे खाऊन टाकतो." वीटभट्टीवाल्यानं आरसी बुक उघडलं, ब्लॉक बघितला, पुन्हा आरसी बुक बघितलं. त्याचा चेहरा देणं बाकी ठेवणाऱ्या कर्जदारासमोर आमच्या शाखाधिकाऱ्याचा होतो तसा झाला.

"दोन म्हणता?"

"दोनच."

एवढ्यात मिस्त्रीनं हेड उतरवलं. गॅस्केट बघायला ते उतरवायचंच होतं. सहा भोकं उघडी पडली, काळीभोर. आणि पुतणी, सहावीतली, जिला सकाळपासून नंबरांची भाषा पाठ झाली होती, कंपासपेटीतली पंधरा सेंटिमीटरची पट्टी घेऊन आली. कुणी सांगितलं नव्हतं. तिनं पट्टी पहिल्या सिलिंडरच्या तोंडावर आडवी धरली, डोकं वाकडं केलं आणि मोठ्यानं वाचलं:

"नऊ सेंटिमीटर सात मिलिमीटर."

"पट्टी उन्हात वाढते," काका म्हणाले.

"प्लॅस्टिकची आहे," ती म्हणाली, जणू त्यानं प्रश्न मिटला.

तिनं सहाही मोजली. वीटभट्टीवाला हसला. भला माणूस, राग नाही आला त्याला. म्हणाला, कागदावर दुरुस्ती करून घ्या, मग बोलू. बैल चांगला आहे, पण पावती दुसऱ्या बैलाची आहे.

संध्याकाळी गर्दी पांगली. मामांची गाडी असलेला माणूस सगळ्यात शेवटी गेला. हेड अजून खाली उतरवलेलंच होतं, त्यावर कोंबडी बसली होती. काका खाटेवर बसून माझ्याकडे बघत होते. "तू पारखणारा," ते म्हणाले. "शेवटी तू सांग. किती?"

मी किलोचा भाव, हाफ इंजिनाचा खर्च, गॅस्केट, कागदाची दुरुस्ती असं काही जुळवायला लागलो. काकू वालाची टोपली घेऊन आत निघाली होती. दारात थांबली.

"साडेतीन तोळे," ती म्हणाली.

"काय?"

"माझ्या पाटल्या. कुर्ल्याहून ते आणलं तेव्हा मुरबाडला मोडल्या. साडेतीन तोळ्यांच्या होत्या. परत केल्या नाहीत अजून."

काका आभाळाकडे बघू लागले. मी आयुष्यात पहिल्यांदा खुर्ची सरसावून बसलो, कारण आता विषय माझ्या काउंटरवर आला होता. तोळा लाखाच्या पुढे गेलेला. आकडा मी मनात केला आणि मोठ्यानं सांगितला. काकांनी तो दोनदा सांगायला लावला.

तेव्हापासून इंजिन विकायला आहे. किन्हवलीच्या मिस्त्रीनं हेड परत चढवलंय, गॅस्केट नवं आहे, क्रँक कितीवर ते अजून कुणाला माहीत नाही. नंबर ६९७ आहे आणि घरात आता सगळे तसं कबूल करतात. किंमत काकू सांगते आणि ती एक गुंजही कमी करत नाही. कुणाला घ्यायचं असेल तर मुरबाड-टोकावडे रस्त्यावर नाक उघडलेली गाडी दिसेल. येताना काटा आणू नका, पट्टी तर आणूच नका. पाटल्या आणा.